बांधाकडचं भात

सुगीच्या दिवसांत आमच्या रानात कापणी चालू असली की आज्जी बांधावर उभी असायची. खानापूरच्या अलीकडे, मलप्रभेच्या काठाला आमचं दीड एकर भाताचं रान. बायका ओळीनं विळे चालवत पुढं सरकायच्या, आणि बांध दोन हातांवर आला की आज्जी म्हणायची, "राहू दे तेवढं." बायकांना ते ठाऊकच असायचं. तरी दरवर्षी ती म्हणायची आणि दरवर्षी त्या मान हलवायच्या.

मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा विचारलं, "आज्जी, हे कापायचं कोण?"

"विसरलं म्हणायचं," ती म्हणाली.

पेंढ्या खळ्यावर गेल्या की दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तीन-चार बायका रानात दिसायच्या. कमरेला ओटी खोचलेली, एखादीच्या काखेत पोर. पडलेल्या लोंब्या वेचत वेचत त्या बांधापर्यंत यायच्या आणि राहिलेलं भात कापून घ्यायच्या. आज्जी तेव्हा विहिरीकडं निघून जायची. विहिरीवर तिचं काही काम नसायचं. मी मागं वळून बघायला लागले की दंडाला धरून ओढायची. "काय बघालीस? सरवा वेचणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये."

पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं, की त्या बायकांतली एक आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली, आमच्याच चर्चमधली होती. रविवारी आज्जीच्या शेजारच्या बाकावर बसायची. दोघी एकमेकींना सलाम करायच्या, एकाच पुस्तकातून गायच्या. रानातला विषय त्यांच्यात कधी निघाला नाही.

शब्बाथ शाळेत बाई रूथची, परक्याच्या शेतात सरवा वेचून सासूला पोसणाऱ्या विधवेची, गोष्ट सांगायच्या तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं बेथलेहेम येत नसे, आमचं रान यायचं. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथं शब्दच 'सरवा' आहे. कुणी नवा शब्द घडवायला बसलं नाही. शेतकऱ्याच्या तोंडात होता तोच उचलला, आणि म्हणून तो गोष्टीतून थेट आमच्या बांधावर येऊन उभा राहिला. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की कापणी करताना शेताचे कोनेकोपरे झाडून नेऊ नका, गळालेलं गोळा करू नका, द्राक्षमळ्यातलं पडलेलं फळ उचलू नका. गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी ते राहू द्या. 'राहू द्या.' आज्जीचे शब्द तेच होते. ती शास्त्र वाचून तसं म्हणायची की तिच्या आईकडून शिकलेलं म्हणायची, ते मी कधी विचारलं नाही.

या आज्ञेत 'द्या' असं नाही, इकडं माझं लक्ष फार उशिरा गेलं. जमीनमालकानं धान्य मोजावं, पिशवीत भरावं, कुणाच्या दारात नेऊन द्यावं, असं तिथं काही नाही. त्यानं फक्त हात आखडता घ्यायचा आहे. येणारा आपल्या पायांनी येईल, आपल्या हातानं कापेल, आपल्या डोक्यावरून नेईल. तो कुणाच्या दारात उभा राहणार नाही. त्याचा घाम त्यात असेल.

रूथच्या गोष्टीत शेताचा मालक बवाज याच्याही पुढं जातो. तो आपल्या गड्यांना सांगून ठेवतो, की तिला पेंढ्यांमध्येसुद्धा वेचू द्या, बोलून लाजवू नका, आणि बांधलेल्या पेंढ्यांतल्या काही काड्या तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा. मुद्दाम! म्हणजे तिला वाटावं की पडल्यात. संध्याकाळी रूथनं झोडपून पाहिलं तर एफाभर जव निघाले. एफा हे तिथलं धान्याचं मोठं माप. एका दिवसाच्या सरव्याला हे फार झालं. घरी सासूनं विचारलंच, आज कुठं वेचलंस? सासू जाणती होती. इतका सरवा आपोआप पडत नाही हे तिला कळलं.

माझ्या सगळ्या विश्वासात मला सगळ्यांत जवळची जागा कुठली, असं कुणी विचारलं तर मी या मुद्दाम सांडलेल्या काड्यांवर बोट ठेवीन.

रूथ मवाबी होती. परक्या मुलखातली, परक्या कुळातली. लेवीय पुस्तकातही गरिबाला लागूनच उपरी आहे. हा शब्द आम्हा सीमाभागातल्या माणसांना जरा जास्त लागतो. माझ्या आजोबांनी आयुष्यभर एकाच घरात राहून १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललेलं पाहिलं. ते मिशन शाळेत मराठी शिकवायचे. घर तेच, नदी तीच, आणि कचेरीतला कागद मात्र वाचून घ्यायला शेजारच्या कानडी मास्तरांकडं जावं लागायचं. ते मास्तर कागद वाचून द्यायचे आणि वर म्हणायचे, "बरं झालं आलात, माझी मराठी बिघडत चाललीय, तेवढीच सुधारते." आजोबा परत येऊन आज्जीला हे सांगायचे आणि थोडा वेळ गप्प बसायचे. मास्तरांची मराठी चांगली होती. बिघडलेली नव्हती.

आमच्या मंडळीची मुळंही अशीच बाहेरून आलेल्यांनी लावलेली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावला आले. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम अमेरिकन मेथडिस्टांकडं गेलं. उपासना मराठीतही व्हायच्या, कानडीतही. आज आमच्याकडं सकाळी मराठी उपासना संपते आणि आम्ही पायऱ्या उतरत असतो तेव्हा कानडी मंडळी चढत असतात. दारात दोन भाषांचा सलाम होतो. बाहेर मोर्चे निघाले त्या वर्षांतही तो थांबला नाही, हे मला इथं लिहून ठेवावंसं वाटतं.

आज्जीचा दुसरा नेम मुठीचा. भाताला तांदूळ ताटात घेतले, निवडले, की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ ती फडताळातल्या डब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिना संपला की डबा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये. वेगळं काढून ठेवलेल्यातली ही मूठ नसे. आज जे शिजणार त्यातलीच असे. म्हणजे घरातल्या आठ माणसांच्या ताटात प्रत्येकी घासभर कमी. कुणी उपाशी राहत नव्हतं, पण देण्यात सगळं घर होतं, पाळण्यातलं सोडून. मिझोराममध्ये ख्रिस्ती घरांत हीच चाल आहे, 'बुहफाय थाम' म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बायकांनी सुरू केली आणि त्या मूठमूठ तांदळावर तिथल्या मंडळ्यांची केवढीतरी कामं उभी राहिली. मी ते वाचलं तेव्हा आज्जी जाऊन बारा वर्षं झाली होती. तिला सांगायला हवं होतं, की तिकडं डोंगरात तुझ्यासारख्या हजारो आहेत.

अर्पणाबद्दल मात्र मला थोडं बोलायचं आहे. आमच्या देवळात पूर्वी थैली फिरायची. गडद लाल मखमलीची, लांब, तळ न दिसणारी. हात मनगटापर्यंत आत जायचा आणि मूठ आत उघडायची. आठ आणे टाकले की शंभराची नोट, हे शेजारच्यालाही कळत नसे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं, ते शिवून काढायचं तर अशीच थैली होईल. आता भिंतीवर क्यूआर कोड आहे. सोय आहे, मीही वापरते. पण त्यात नाव जातं, रक्कम जाते, वेळ जाते, आणि वर्षाअखेरीला यादी होते. यादीत माणूस आपलं नाव शोधतोच. मी शोधलं आहे.

आणि जे प्रचारक मांडवात उभे राहून सांगतात, की द्या म्हणजे देव शंभरपट परत देईल, त्यांच्याशी माझं मुळीच जमत नाही. माझ्या ओळखीची एक बाई अशाच एका सभेत कानातली कुडी काढून देऊन आली. मुलाची नोकरी व्हावी म्हणून. नोकरी झाली नाही, आणि वर 'तुझा विश्वास कमी पडला' असं ऐकावं लागलं. शास्त्रातल्या त्या गरीब विधवेनं मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकल्या तेव्हा तिला काय परत मिळालं, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कानं कुठंही लिहिलेलं नाही. प्रभूनं ते पाहिलं आणि शिष्यांना दाखवलं, एवढंच लिहिलंय. मला एवढं पुरतं.

कापणीच्या सणाचा लिलाव मला लहानपणापासून आवडतो. प्रथमफळ म्हणून जो तो आपल्या रानातलं आणतो. वेदीपुढं भोपळे, भाताच्या पेंढ्या, उसाच्या मोळ्या, नवलकोल, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्यांचा लिलाव. एक म्हातारी दरवर्षी रताळ्यांची बुट्टी घेऊन यायची. बेळगावच्या पश्चिमेला, हिंडलगा-उचगावकडं लाल मातीत रताळी फार पिकतात. बाजारात त्या बुट्टीला जो भाव आला असता त्याच्या पाचपट बोली लावून आमच्या मंडळीतले एक वडील ती घ्यायचे. पैसे देवळाला. मग बाहेर पडताना म्हातारीला म्हणायचे, "काकू, मला साखरेचा त्रास. डॉक्टरनं रताळी बंद केल्यात. तुम्हीच न्या की वो घरी, वाया जातील." म्हातारी पुटपुटत बुट्टी उचलायची. दर वर्षी. त्यांना साखरेचा त्रास नव्हता, हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. ते खोटं बोलले का, यावर आमच्या भगिनी मंडळात एकदा चांगली तासभर चर्चा झाली. निकाल लागला नाही. माझ्या मते बवाजाच्या गड्यांनी काड्या टाकल्या तसंच ते बोलणं होतं.

घेणं म्हणजे काय, ते मला मिरजेत कळलं.

वडिलांच्या पोटाचं दुखणं वाढलं तेव्हा आम्ही त्यांना मिरजेला नेलं. आमच्याकडं जुनी माणसं जड दुखणं म्हटलं की मिरजच म्हणतात. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून सीमाभागातल्या माणसांच्या बोलण्यात ते गाव असंच बसलंय. आई आणि मी सतरा दिवस व्हरांड्यात होतो. पैसे औषधाला लागत होते, म्हणून आम्ही दोघी एक जेवण वाटून खायचो आणि भूक नाही असं एकमेकींना सांगायचो. शेजारी जत भागातली एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. तिचा भाऊ रोज डबा आणायचा. तिसऱ्या दिवशी ती ज्वारीच्या तीन भाकरी आणि ठेचा घेऊन आली. म्हणाली, "ताई, उरलंय बघा. माझ्या भावाला कळतच नाही किती करायचं. टाकून देऊ व्हय आता?"

चौथ्या दिवशीही उरलं. पाचव्या दिवशीही. सतरा दिवसांत त्या भावाला अंदाज आला नाही. एकदा मी जिन्यात उभी असताना ती भावाला खालच्या आवाजात सांगत होती, "तीन जास्त. बायकोला सांग, विसरू नको." मी तशीच वर आले. आईला सांगितलं नाही. भाकर घेताना आईची मान ताठ होती, तिला वाटत होतं आपण अन्न वाया जाण्यापासून वाचवतोय. त्या मानेला मी धक्का लावणार नव्हते.

त्या बाईनं रूथची गोष्ट कधी ऐकली नसेल. तिचं नावही मी विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

इतकं सगळं बघितलेलं, घेतलेलं, तरी ऑगस्ट २०१९ मध्ये मी चुकले. तो पाऊस इकडच्या कुणाला विसरता येणार नाही. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्यांनी काठ सोडले होते. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर आली आणि पुण्या-कोल्हापुरची वाहतूक थांबली. बेळगावच्या वडगावात विणकरांच्या घरांत पाणी शिरलं, मागाखाली चिखल, सूत भिजलेलं. आम्ही मंडळीतल्या बायकांनी तांदूळ, तूरडाळ, तेल, चादरी गोळा करून पिशव्या भरल्या. ज्यांनी पैसे दिले त्यांना हिशेब दाखवायचा म्हणून मी मोबाइलवर फोटो काढत होते. एका विणकर बाईला पिशवी देताना मी म्हटलं, "जरा इकडं बघा." तिनं पिशवी घेतली आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडावर ओढला. फोटोत पिशवी स्पष्ट आहे, माझा हात स्पष्ट आहे, आणि एक हिरवा पदर.

रात्री तो फोटो मी ग्रुपवर टाकायला घेतला आणि थांबले. आज्जीनं दंडाला धरून ओढलं असतं, ते मी केलं होतं. सरवा वेचणाऱ्याच्या तोंडाकडं नुसतं बघितलं नव्हतं, तिला माझ्याकडं बघायला सांगितलं होतं. फोटो पुसला. पण तिच्या हातून पदर ओढला गेला होता, तो काही पुसला गेला नाही.

पंडिता रमाबाईंचं मला त्या रात्री आठवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीतल्या मुली केडगावला आणल्या. त्यांना नुसतं खाऊ घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, छपाई शिकवली. रमाबाईंनी शास्त्राचं जे मराठी भाषांतर केलं ते तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. ज्यांच्या पुढ्यात कधीकाळी ताट ठेवलं त्यांच्याच हातून शास्त्र घ्यायचं, एवढी मोकळीक देणाऱ्याकडं हवी. मी तर एका बाईला पिशवी दिली आणि तिच्याकडं काय आहे हे पाहिलंही नाही.

तिच्याकडं शिलाई मशीन होतं. महिन्याभरानं मी तीन साड्या फॉल-पिकोला घेऊन गेले. तिनं मला ओळखलं, मी तिला ओळखलं, कुणी काही बोललं नाही. चार दिवसांनी साड्या आणायला गेले, तर पिको सुबक, फॉल हातशिलाईनं लावलेला. मी पैसे काढले. तिनं दोन साड्यांचे घेतले आणि तिसरीचे माझ्या पर्समध्ये परत सारले.

"इरली बिडरी, अक्का," म्हणाली.

असू द्या, राहू द्या. कानडीतला 'बिडु' म्हणजे सोडणं. मी पर्स पुन्हा उघडली, आग्रह केला, तिच्या हाताला धरलं. तिचा चेहरा उतरायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिनं माझ्यासाठी बांधाकडचं काही सोडलंय आणि मी ते उचलायला तयार नाही. मग मी पर्स बंद केली. त्यानंतर आमचं येणं-जाणं झालं. नाताळात माझ्याकडच्या करंज्या तिच्याकडं जातात, दसऱ्याला तिच्याकडची होळगी माझ्याकडं येते. तिच्या घरी मी जेवताना ती माझ्याकडं बघत बसते, मी किती खाते ते. मला आता ते चालतं.

आमचं दीड एकर आम्ही अर्धेलीनं दिलंय. गेल्या नोव्हेंबरात कापणीला मी मुद्दाम गेले. विळे नव्हते, मशीन आलं होतं. दीड एकर तासाभरात संपलं. सरवा वेचायलाही आता कोणी येत नाही. २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचे तांदूळ रेशनवर मिळतात, आणि ते फार चांगलं झालं, लोंब्यांसाठी कुणाला वाकायला लागू नये. पण मग बांधाकडचं भात कुणासाठी ठेवायचं, हा प्रश्न माझ्यापुढं होता. घरी कामाला येणाऱ्या बाईंचा पगार मी न मागता वाढवला तेव्हा, भाजीवालीशी दोन रुपयांवरून बोलायचं सोडलं तेव्हा, मला वाटलं होतं हेच ते असेल. असेलही. नक्की सांगता येत नाही.

मशीन बांधाला लागून फिरत नाही. कडेला दोन हात भात उभंच राहतं, ते मागाहून हातानं कापतात. अर्धेलीवाला विळा आणायला निघाला तसं मी म्हटलं, "राहू दे तेवढं." तो माझ्याकडं बघत राहिला, मग खांदे उडवून पोती मोजायला गेला.

ऊन कलताना पलीकडच्या रानातून एक पोक्त बाई आली. काखेत गवताचा भारा, हातात विळा. बांधापाशी थांबली आणि मला हाक मारून म्हणाली, "बाई, हे कापायचं राहिलंय वो तुमचं. सांगा तुमच्या माणसाला, चिमण्या खातील."

मला पटकन काही सुचेना.

"मशीन पोचत नाही तिथं," मी म्हटलं. "आणि त्याला आता वेळ नाही. तुमच्या म्हशीला चालतंय काय बघा. नाहीतर वायाच जाणार."

ती थोडा वेळ भाताकडं बघत उभी राहिली. मी विहिरीकडं निघाले. विहीर बुजून बरीच वर्षं झाली, तिथं आता बोअरचा पाइप आहे आणि एक लोखंडी पेटी. मी त्या पेटीकडं बघत उभी राहिले. मागं विळ्याचा आवाज सुरू झाला.